‘लागलं तर द्या’

मुलाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनची घरात जी धास्ती असते, ती सगळी ऑपरेशनच्या दिवसाभोवती गोळा झालेली असते. भूल नीट उतरेल ना, रक्त किती जाईल, आत किती वेळ लागेल? ऑपरेशन बहुधा तासाभरात आटोपते. मूल डोळे उघडते, संध्याकाळी आइस्क्रीमचे दोन चमचे खाते आणि दुसऱ्या दिवशी घरी येते. शेजारपाजारचे बघून जातात, आजी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते, आईबाबांचा जीव भांड्यात पडतो. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल पाण्याचा पेला ढकलून देते, थुंकीसुद्धा गिळत नाही, ओठाच्या कडेने लाळ गळू देते आणि कान धरून बसते. ‘कानाचं तर ऑपरेशन नव्हतं,’ म्हणून आई गोंधळते. औषधांचा कागद काढून पाहते, तर दुखण्याच्या सिरपपुढे तीन अक्षरे लिहिलेली असतात: एसओएस. म्हणजे लागलं तर द्या.

‘लागलं’ हे ठरवायचे कुणी? चार वर्षांच्या मुलाला दुखणे मोजून सांगता येत नाही, आणि बोलले की घसा ओढला जातो म्हणून ते बोलायचेच टाळते. बाबांना वाटते, एवढ्याशा पोटात किती औषधे घालायची. आजी म्हणते, रडत नाहीये ना, मग राहू दे. आणि मूल अखेर मोठ्याने रडू लागते, तेव्हा औषध गिळण्याइतकाही घसा उघडायला ते तयार नसते. पुढच्या पानांचा विषय आहे ही कोंडी.

टॉन्सिलच्या जखमेचे दुखणे इतर जखमांपेक्षा वेगळे का, हे आधी समजून घ्यायला हवे. हर्नियाचे किंवा अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले की टाके घालून जखम बंद करतात, आणि तो भाग काही दिवस फारसा हलवला नाही तरी चालते. टॉन्सिल काढल्यावर घशाच्या दोन्ही बाजूंना जे खळगे राहतात ते सहसा शिवत नाहीत. ते उघडेच राहतात आणि आतून भरून येतात. खळग्यांच्या तळाशी गिळण्याचे स्नायू असतात. त्यामुळे प्रत्येक घोटाला, जागेपणी आणि झोपेतही, जखम ताणली जाते. घशाला रजा देता येत नाही. एक-दोन दिवसांत जखमेवर पांढरट-पिवळट थर धरतो. तो पू नव्हे, ती घशातली ओली खपली. तोंडाला वास येतो तोही तिचाच. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान ही खपली सुटू लागते आणि जरा सावरलेल्या मुलाचे दुखणे पुन्हा उसळू शकते. पूर्ण आराम पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. कान दुखतो, कारण घशाच्या या भागातून आणि मधल्या कानातून संवेदना नेणारी नस एकच आहे, मेंदूकडून निघणाऱ्या नसांपैकी नववी. निरोप घशाचा असतो, मेंदूला पत्ता कानाचा वाटतो. अशा वेळी कानात तेल किंवा थेंब घालून काहीही साधत नाही; घशाचे दुखणे उतरले की कान आपोआप शांत होतो.

हे दोन आठवड्यांचे चित्र पालकांना आधी कळले, तर त्यांची निम्मी घबराट कमी होईल. तरीही प्रश्न औषधापाशी येऊन अडतोच. २००९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मिशेल फोर्टियर, झीव केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) काढलेली दोन ते बारा वर्षांची मुले घरी गेल्यावर काय होते, हे त्यांनी पालकांनाच नोंदवायला सांगितले होते. घरातल्या पहिल्या दिवशी ८६ टक्के मुलांना बऱ्यापैकी दुखत असल्याचे पालकांनी स्वतः लिहिले. आणि त्याच दिवशी २४ टक्के मुलांना दुखण्याचे औषध एकदाही मिळाले नव्हते किंवा जेमतेम एकदा मिळाले होते. हे पालक निष्काळजी नव्हते. त्यांना दुखणे दिसत होते, हात मात्र बाटलीपाशी थबकत होता. औषधाची सवय लागेल, जितके कमी देऊ तितके ते जास्त गुण देईल, अंगावर काढलेले बरे, या समजुती अमेरिकेतल्या आईबापांच्याही मनात होत्या. पुण्या-नागपुरातल्या किंवा मडगावातल्या घरांत त्या अनोळखी वाटणार नाहीत.

यात दोष एकट्या पालकांचा नाही. मुलांना फारसे दुखत नाही, हे वैद्यकशास्त्राने स्वतःच बराच काळ मानले होते. रोआल्ड डाल या लेखकाने ‘बॉय’ या आठवणींच्या पुस्तकात १९२४ मधला प्रसंग सांगितला आहे. तो आठेक वर्षांचा असताना नॉर्वेतल्या एका डॉक्टरने कोणतीही भूल न देता त्याचे ॲडिनॉइड कापून काढले आणि नंतर आईने त्याला चालवत घरी नेले. त्या काळात हे अपवादात्मक मुळीच नव्हते. टॉन्सिल काढण्याचा तर धडाकाच होता: १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतल्या एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच निघालेले आढळले. उरलेल्या मुलांना डॉक्टरांच्या एकामागून एक तुकड्यांना दाखवले, तर प्रत्येक तुकडीने आधीच्यांनी ‘ठीक’ ठरवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ऑपरेशन सुचवले.

१९६८ मध्येही एका वैद्यकीय लेखात असे मत मांडले गेले की ऑपरेशननंतर मुलांना वेदनाशामकाची गरज क्वचितच पडते. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जो एलँड यांना हे पटेना. रुग्णालयातल्या २५ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. या सर्व मुलांना मिळून वेदनाशामकाच्या २४ मात्रा मिळाल्या होत्या आणि १३ जणांना एकही नाही. तशाच आजारांच्या १८ प्रौढांना मात्र ६७१ मात्रा दिल्या गेल्या होत्या. १९७७ मध्ये छापलेले हे आकडे आजही वाचताना अस्वस्थ करतात. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, कन्वलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. आनंद इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याचे ऑपरेशन होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्या काळी जुजबी भूल दिली जाई. त्यात फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहिला आणि गुंतागुंतही कमी झाली. बाळाला दुखते आणि त्या दुखण्याची किंमत त्याचे शरीर मोजते, हे मान्य करणे त्यानंतर टाळता आले नाही. बाल-वेदनेच्या शास्त्रातले हे निर्णायक पाऊल इंदूरहून गेलेल्या माणसाने टाकले, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसावे याची खंत वाटते.

लोलक मग दुसऱ्या टोकाला गेला. दुखते ना, मग जोरदार औषध द्या. टॉन्सिलनंतर पॅरासिटामॉलसोबत कोडीन असलेले सिरप घरी देण्याची पद्धत अमेरिका-कॅनडात रुळली. कोडीन अफूच्या कुळातले. ते स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातले एक विकर त्याचे मॉर्फिन बनवते, तेव्हा वेदना शमते. हे विकर सगळ्यांत सारखे नसते. काहींच्यात ते इतके मंद की औषधाचा उपयोगच होत नाही. काहींच्यात जन्मतःच इतके जलद की नेहमीच्या डोसाचेही भराभर मॉर्फिन होते आणि श्वास मंदावतो. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅनडातल्या दोन वर्षांच्या मुलाची नोंद आली. झोपेत श्वास अडतो म्हणून त्याचे टॉन्सिल काढले होते, कोडीन नेहमीच्या प्रमाणात दिले होते, आणि घरी गेल्यावर तो दगावला. तपासात तो जलद रूपांतर करणाऱ्यांपैकी निघाला. पुढे अशा आणखी घटना उजेडात आल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिल किंवा ॲडिनॉइडच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा लागू केला. एप्रिल २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही वर्ज्य ठरली. टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्या मुलांसाठी ट्रॅमाडॉलची मनाई अठरा वर्षांपर्यंत आहे.

हा इशारा आपल्याकडेही लागू पडतो. एकेकाळी टॉन्सिल निघत ते मुख्यतः वारंवार घसा धरतो म्हणून. आता घोरणे आणि झोपेत श्वास अडणे हे तितकेच मोठे कारण झाले आहे. रात्री ज्याचा श्वास आधीच अडखळतो, त्या मुलाला अफूच्या कुळातले औषध जास्त भोवते. घरातल्या कपाटात मोठ्या माणसाच्या खोकल्याच्या बाटलीत कोडीन असू शकते. ती बाटली या दोन आठवड्यांत मुलाच्या जवळ फिरकता कामा नये. नायमेसुलाइड लहान मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा मोह काही घरांत होतो. ॲस्पिरिनने रक्त गोठायला उशीर लागतो, शिवाय मुलांत यकृत आणि मेंदूवर परिणाम होण्याचा धोका असतो. म्हणून तेही नको.

राहिली दोन साधी औषधे: पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात यांपैकी एक किंवा दोन्ही सुचवली आहेत. २०२१ मध्ये ‘प्रॉस्पेक्ट’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही तेच सांगितले, आणि ऑपरेशनच्या वेळीच शिरेतून डेक्सामेथासोनचा एक डोस द्यावा, असे म्हटले. त्याने उलट्या आणि दुखणे दोन्ही कमी होतात. साधी औषधे म्हणून त्यांना कमी लेखू नये. वेळेवर आणि पुरेशी दिली तर बहुतेक मुलांचा घसा गिळता येण्याजोगा राहतो. अडचण या दोन शब्दांतच आहे: वेळेवर आणि पुरेशी.

पुरेशी म्हणजे किती, याचे एक उदाहरण बघण्यासारखे आहे. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, चोवीस तासांत चार वेळांहून जास्त नाही. सोळा किलोच्या मुलाला एका वेळी सुमारे २४० मिलिग्रॅम लागेल. आता मेडिकलच्या फळीवर याच औषधाच्या तीन बाटल्या असतात. एकीत ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. ‘एक टोपण द्या’ एवढेच ऐकून आलेल्या बाबांनी पहिली बाटली उचलली तर ५ मिलीच्या टोपणातून मुलाला निम्मे औषध मिळते आणि ते रात्रभर कण्हते. तेच टोपण तिसऱ्या बाटलीतून भरले तर दुपटीहून जास्त, ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. त्यातच सर्दीच्या अनेक मिश्र सिरपांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, आणि पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेन एकत्र असलेली सिरपेही सर्रास मिळतात. एकच औषध दोन नावांनी दिले जाण्याची भीती इथे खरी आहे. म्हणून मिली किती, हे बाटलीच्या ताकदीसकट कागदावर लिहून घ्यावे आणि घरातला चमचा बाजूला ठेवून मापाच्या सिरिंजने औषध द्यावे. दहा रुपयांच्या सिरिंजने बराच गोंधळ टळतो.

आयब्युप्रोफेनबद्दल एक शंका डॉक्टरांतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याने रक्तस्राव वाढतो का? आधीच्या अभ्यासांना ठळक वाढ दिसली नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेत ७४१ मुलांवर झालेल्या चाचणीत मात्र, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागेल असा रक्तस्राव पॅरासिटामॉल घेणाऱ्यांत १.२ टक्के आणि आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांत २.९ टक्के आढळला. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण आयब्युप्रोफेन तितकेच निर्धोक आहे असे ही चाचणी सिद्ध करू शकली नाही. म्हणून काही सर्जन ते देतात, काही टाळतात. दम्याचा त्रास असलेल्या किंवा पाणीच न पिणाऱ्या मुलात तर ते विचारल्याशिवाय देऊच नये. सर्जनने काय ठरवले आहे आणि का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

रक्तस्रावाची गोष्ट निघालीच आहे तर ती इथेच पुरती करावी. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ मध्ये झालेल्या सुमारे ३४ हजार टॉन्सिल ऑपरेशनांच्या पाहणीत, मुले-मोठे मिळून, साडेतीन टक्क्यांना रक्तस्राव झाला. धोका पहिल्या चोवीस तासांत असतो आणि पुन्हा खपली सुटण्याच्या दिवसांत. थुंकीत एखादी लाल रेघ दिसली तर डॉक्टरांना फोन करावा. ताजे लाल रक्त येत असेल, उलटीतून रक्त पडले, किंवा झोपलेले मूल सारखे घोट गिळताना दिसले तर वाट पाहू नये; सरळ रुग्णालय गाठावे. लांबच्या गावचे लग्न, यात्रा, आजोळचा प्रवास हे सगळे या दोन आठवड्यांनंतर.

आता दुखणे ओळखण्याकडे वळू, कारण ‘लागलं’ हा शब्द इथेच अडतो. रुग्णालयात हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंतची चित्रे मुलापुढे धरतात. कॉनी बेकर आणि डोना वाँग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टल्सा शहरात, भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना तो तक्ता घडवला. घरासाठी मात्र कॅनडातल्या क्रिस्टीन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली पंधरा प्रश्नांची यादी जास्त कामाची आहे. तिच्यात आईबापांना माहीत असलेल्याच गोष्टी विचारल्या आहेत. मूल नेहमीपेक्षा कमी खेळते का, जेवण टाळते का, चटकन रडवेले होते का, सतत अंगाला चिकटून बसते का, दुखरी जागा धरून ठेवते का, नेहमीपेक्षा गप्प आहे का. पंधरापैकी सहा उत्तरे ‘हो’ आली की दुखणे औषध लागण्याइतके आहे, असे समजतात.

या यादीत ‘गप्प’ हे लक्षण आहे, याकडे मराठी घराने खास लक्ष द्यावे. आपण गप्प पडून राहिलेल्या मुलाला ‘किती शहाणं बाळ’ म्हणतो. ‘तू शूर ना, मग रडायचं नाही’ हे तर प्रत्येक इंजेक्शनला ऐकवले जाते. त्यामागे माया असते, पण त्यातून मूल दुखणे लपवायला शिकते. टीव्हीसमोर हालचाल न करता पडलेले, मान एका बाजूला धरलेले, पाण्याकडे न बघणारे पाच वर्षांचे मूल शहाणपणाने वागत नसते. त्याला दुखत असते.

खाण्यापिण्याबाबत आजी आणि डॉक्टर यांचे जुने भांडण आहे. थंड खाल्ले की घसा धरतो असे म्हणणाऱ्या घरात डॉक्टर आइस्क्रीम सांगतात, तेव्हा मुलाइतके खूश कुणीच नसते. थंडाव्याने जखम बधिरते, गिळणे सोपे जाते, म्हणून ते चालते. पण आइस्क्रीमच हवे असा नियम नाही. गार दूध, पेज, तूप घातलेला मऊ भात, नाचणीचे सत्त्व, लापशी, शिरा, दह्यात कालवलेला आसट भात यांतले जे मूल घेईल ते द्यावे. लिंबू, चिंच, तिखट झोंबते. चिवडा, कुरकुरे, खारी टोचते. मधाचा उल्लेख ‘प्रॉस्पेक्ट’च्या शिफारशींत पूरक उपाय म्हणून आहे, एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध द्यायचा नसतो. दोन दिवस मूल जेवले नाही तरी आकाश कोसळत नाही, पाणी मात्र चुकता कामा नये. कोरडा घसा जास्त दुखतो, जास्त दुखला की मूल आणखी कमी पिते, आणि सलाईनसाठी पुन्हा भरती करावे लागते. आठ-दहा तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, ओठ सुकले, तर डॉक्टरांना कळवायला हवे. जेवणाआधी अर्धा तास औषध दिले तर चार घास जास्त जातात, हे अनुभवी परिचारिका नेहमी सांगतात.

आणि वेळ? पहिले काही दिवस औषध घड्याळावर द्यावे, मूल हसत असले तरीही. ते हसते आहे याचे कारण बहुधा आधीचा डोस असतो. रात्रीचा डोस चुकला की सकाळ सर्वांत वाईट जाते, कारण तोंडाने श्वास घेऊन घसा रात्रभर सुकलेला असतो आणि औषधाचा अंमलही उतरलेला असतो. म्हणून पहिल्या काही रात्री गजर लावून उठावे लागते, आणि ते काम एकट्या आईवर पडू नये. डोस, वेळ आणि मिली फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर टिपले तर आई-बाबा-आजी यांपैकी कुणीही पुढचा डोस चुकवत नाही, दोनदाही देत नाही.

डॉक्टरांकडेही एक मागणी आहे. पहिल्या आठवड्याच्या कागदावरून एसओएस ही अक्षरे काढून टाकावीत. त्यांच्या जागी मुलाचे वजन, बाटलीची ताकद, मिली आणि वेळा लिहाव्यात. मराठीत लिहिल्या तर अधिक बरे. ते लिहायला दोन मिनिटे लागतात. आणि तुमच्या हातातल्या कागदावर अजूनही ‘लागलं तर द्या’ एवढेच असेल, तर बिल भरून झाले असले तरी मागे फिरा आणि विचारा: कोणत्या बाटलीतून, किती मिली, किती वाजता, आणि किती दिवस?